संगीत केवळ कानांचे नव्हे

कर्णबधिरांस संगीताशी काय कर्तव्य, असा प्रश्न सुशिक्षितही करतात. ऑगस्ट २०१७ मध्ये गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेली राष्ट्रगीताची सांकेतिक भाषेतील चित्रफीत प्रसिद्ध झाली, तेव्हाच त्याचे उत्तर मिळाले. गीताचा अर्थ हातांनी, भाव मुद्रेने व लय देहाच्या गतीने सांगता येते. पखवाजाची थाप तर तळपायांसही कळते.

लातूर जिल्ह्यातील मुरुडसारख्या गावी कीर्तन रंगते, मंडप डोलू लागतो. आणि त्याच मंडपातील कर्णबधिर श्रोत्यास शेजाऱ्याकडे पाहून टाळी वाजवावी लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांस्कृतिक जीवनातील सहभाग हा हक्क मानला आहे. ती कोणाची कृपा नव्हे. मंडप व ध्वनिक्षेपक यांसाठी आपण वर्गणी जमवतो; तशीच ती सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासाठीही जमवावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. मात्र मनास येतील ते हातवारे म्हणजे भाषा नव्हे. अभंगाचा आशय खुणांत कसा उतरावा, हे कर्णबधिरांसच आधी विचारले पाहिजे. ज्या कीर्तनात सर्वांस बसावयास जागा आहे, तेथे सर्वांस समजावयासही जागा हवी.