वाट दिसते, पण सापडत नाही

‘कॅमेऱ्यात जीपीएस चालू होतं, मग एडिट केल्यावर वेग, उंची, नकाशा सगळं गेलं कुठे?’ हा प्रश्न यंदा मला तिघांनी विचारला. दोघांचं फारसं बिघडलं नव्हतं. रीलवर वेगाचा काटा फिरला नाही, इतकंच. तिसरा म्हणजे डिचोलीचा माझा भाचा. त्याचं खरंच अडलं होतं.

आमच्या बाबांचं घर पेडणे तालुक्यात. ते लहानपणी मापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला चालत जायचे, सडा उतरून, काजूंच्या बागांमधून, शापोरा नदीच्या काठापर्यंत. मोपाला जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली, आजूबाजूचे रस्ते बदलले, आणि ही पायवाट आता ज्यांच्या पायांना आठवते अशी माणसं गावात तीन-चारच उरली आहेत. भाच्याने आजोबांना बरोबर घेतलं, डोक्याच्या पट्ट्यावर कॅमेरा लावला आणि दीड तास ती वाट चालून काढली. त्याची बारा मिनिटांची सुंदर फिल्म केली. पण नकाशावर रेघ उमटवायला गेला तर फाइलमध्ये एकही बिंदू नाही. फिल्ममध्ये काजूची झाडं दिसतात, पण कुठली झाडं? सगळी सारखीच!

आता कारण बघू. गोप्रोसारखा कॅमेरा नुसतं चित्र आणि आवाज टिपत नाही. जायरोस्कोप आणि अ‍ॅक्सेलरोमीटर सेकंदाला साधारण दोनशे नोंदी करतात, जीपीएस दहा-अठरा. हे आकडे त्याच एमपी४ फाइलमध्ये, पण चित्राच्या शेजारी वेगळ्या ट्रॅकमध्ये बसतात. आगगाडीला जोडलेल्या तिसऱ्या डब्यासारखे. एडिटिंगचं सॉफ्टवेअर नवी फाइल तयार करताना चित्राचा आणि आवाजाचा डबा घेतं, तिसरा स्टेशनवरच सोडून देतं. त्यात त्याची चूक म्हणता येत नाही. तुम्ही दहा ठिकाणी कापलं, मधला भाग दुप्पट वेगाने पळवला, तर कुठला आकडा कुठल्या चित्राचा, हे त्याने कसं ठरवायचं?

म्हणून पहिला प्रश्न असा: डेटा हरवला आहे, की मुळात नोंदलाच गेला नव्हता? यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गोप्रो हीरो १२ मध्ये जीपीएसच नव्हतं. हीरो १३ मध्ये ते परत आलं. इन्स्टा३६० आणि डीजेआयच्या बऱ्याच मॉडेलांत जीपीएस रिमोटमधून किंवा फोनमधून येतं, म्हणजे रिमोट घरी राहिला की संपलं. सेटिंगमध्ये जीपीएस बंद असेल तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर ते नंतर आणून देणार नाही. शिवाय कॅमेऱ्याला उपग्रह सापडायला वेळ लागतो. घराच्या पडवीत बटण दाबून लगेच निघालात तर पहिल्या मिनिटाचे बिंदू भलतीकडेच पडतील. मोकळ्या आकाशाखाली थोडं थांबा, जीपीएसची खूण स्थिर होऊ द्या, मग निघा. पेडण्याच्या बोगद्यातून रेल्वे जाताना किंवा गर्द कुळागरात रेघ तुटली तर ते मात्र चालायचंच.

तपासायचं कार्डावरच्या मूळ फाइलमध्ये, एडिट केलेल्या नव्हे. एक्झिफटूल हे मोफत साधन फाइलमध्ये पुरलेले जीपीएसचे बिंदू बाहेर काढून दाखवतं. लॉसलेसकटमध्ये फाइल उघडली की ट्रॅकची यादी दिसते. तिथे ‘जीपीएमडी’ नावाचा ट्रॅक असेल तर गोप्रोचा डेटा शाबूत आहे. एफएफएमपेग वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा: चित्राला धक्का न लावता नुसती कॉपी केली तरी ते आपणहून डेटाचा ट्रॅक घेत नाही, ‘सगळे ट्रॅक घे’ असं स्पष्ट सांगावं लागतं. लांब चित्रण कॅमेरा तुकड्यांत साठवतो, नावं जीएक्स०१, जीएक्स०२ अशी सुरू होतात. हे तुकडे साध्या जॉइनरने जोडले की पुन्हा तेच. एमपी४-मर्ज नावाचं छोटं मोफत साधन डेटासकट जोडतं.

जायरोचं दुखणं जरा वेगळं. जायरोफ्लोने हादरे काढायचे असतील तर ते काम एडिटिंगच्या आधी, मूळ फाइलवर करायचं, आणि चित्रण करतानाच कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण बंद ठेवायचं. दोन्ही चालू असतील तर चित्र जेलीसारखं हलतं.

भाच्याच्या मूळ फाइली कार्डावर नव्हत्या. फिल्म झाल्यावर जागेसाठी त्याने लॅपटॉपवरूनही एमपी४ पुसल्या होत्या. पण पुसताना फक्त एमपी४च निवडल्या होत्या! गोप्रो प्रत्येक तुकड्याबरोबर एलआरव्ही नावाची हलक्या दर्जाची जुळी फाइल बनवतो, फोनवर पटकन दाखवण्यासाठी. तिला आपण सगळे कचरा समजतो. तिच्यातही तोच डेटा असतो. सात तुकड्यांपैकी सहांच्या एलआरव्ही मिळाल्या, त्यांतून जीपीएक्स फाइल निघाली, आणि सड्यापासून नदीच्या दिशेने रेघ उमटली. पाचवा तुकडा मिळाला नाही. तिथे व्हाळ ओलांडायची जागा आहे. बाबांनी उपग्रहाच्या छायाचित्रावर बोट ठेवून ती दाखवली, पण त्यांनाही दोन जागांत शंका होती. त्यामुळे तेवढी रेघ आम्ही तुटक ठेवली आहे.

काहीच उरलं नसेल तर? बरोबरच्या कोणाच्या मनगटी घड्याळात किंवा फोनच्या चालण्याच्या अ‍ॅपमध्ये तो दिवस नोंदलेला आहे का, ते विचारा. ती जीपीएक्स फाइल वेळ जुळवून चित्रणावर बसवता येते. त्यासाठी कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर हवं. बॅटरी बरेच दिवस बाहेर असली की ते चुकतं, फोनशी जोडलं की सुधारतं.

कुटुंबाच्या ग्रुपवर मूळ फाइल पाठवायची असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवली तर ती दाबली जाते आणि आकडे जातात. परक्यांसाठी टाकताना मात्र ते गेलेलेच बरे. चित्रण घराच्या अंगणातून सुरू झालं असेल तर पहिला बिंदू तुमच्या दाराचाच पत्ता असतो.