सोमवारची कडी

बारामतीतलं भाड्याचं घर सोडून आम्ही इंदापूर तालुक्यातल्या एका ख्रिस्ती शिबिराच्या आवारात राहायला आलो, त्याला वर्ष झालं. मंडळ्यांची युवक शिबिरं, मुलांची सुट्टीतली बायबल शाळा, पाळकांच्या बैठका असं सगळं इथे होतं. आवार, पाणी आणि वीज ह्यांच्याकडे, स्वयंपाकघर माझ्याकडे. दोन्ही मुलं गावातल्या शाळेत.

हंगाम एप्रिल-मेचा. शाळांना सुट्टी तेव्हाच आणि पाण्याची ओढाताणही तेव्हाच. उजनी धरणाचं पाणी मायनसमध्ये गेलं, की पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं. लोक हौसेनं बघायला जातात, पण त्याच दिवसांत आमची मोटर हवा ओढू लागते. थ्री फेज लाईट रात्री येणार म्हणून हे बॅटरी घेऊन स्टार्टरपाशी बसून राहतात. टाकी भरली तरच सकाळी शंभर पोरांच्या अंघोळी होणार.

मोठा स्वयंपाक मला गावातल्या एका मावशींनी शिकवला. रश्शात मीठ आधी निम्मंच टाकायचं. उकळी आली की वाटीभर रस्सा काढून गार करायचा आणि मगच चाखायचा, कारण कढत रश्शात मिठाचा अंदाज येत नाही. एवढं एक कळलं आणि माझी भीती गेली.

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. वाटेत काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. युवक संघाच्या पोरांनी वारकऱ्यांसाठी पिठलं-भाकरी करायची ठरवली, तेव्हा कुणी विचारलंच, की आपण का? मला हा प्रश्न पडला नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड ना. वा. टिळक सांगत, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या पुलावरून चालणाऱ्यांना भाकरी द्यायला आम्ही नाही, तर कोणी पुढे यायचं? त्या दिवशी थापलेल्या भाकरींइतकं समाधान मला वर्षभरात दुसऱ्या कशानं मिळालं नाही.

यंदा टिळकांपेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईच जास्त आठवल्या. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ पूर्वी वाचलं होतं, पण त्या घराचा भार आता उमजला. टिळकांनी कुणालाही घरी आणावं आणि संसार लक्ष्मीबाईंनी सावरावा. टिळकांच्या मोठेपणाबद्दल पुष्कळ बोललं जातं. त्या मोठेपणाला रोज लागणाऱ्या शिध्याची चिंता कोण करत होतं, हेही तितक्याच आदरानं बोललं गेलं पाहिजे.

शिबिर चालू असताना आमचं दार बंद होत नाही. रात्री अकराला कुणाला तापाची गोळी हवी असते, कुणाला चार्जर, कुणाच्या लहानग्याला दूध. मी ते आनंदानं देते, कारण त्यासाठीच आलोय. पण जेवायच्या वेळी मुलं कुठल्यातरी पंगतीत बसलेली असतात, हे वाढपात आणि मी कढईपाशी. एके संध्याकाळी धाकटीनं विचारलं, “मम्मी, आज आपणच आहोत ना?” हो म्हटल्यावर ती आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसली आणि बोलतच सुटली. वर्गातली तिची जिवाभावाची मैत्रीण आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती. त्याला महिना होऊन गेला होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

त्या आठवड्यापासून सोमवारी संध्याकाळी आम्ही दाराला कडी लावतो. हे भिगवणहून चिलापी आणतात, मी कालवण करते आणि चौघं एकत्र जेवतो. सुरुवातीला दार वाजलं की माझा हात कडीकडे जायचा. हे म्हणाले, “बाहेर मावशी आहेत, बघतील त्या.” आणि मावशींनी बघितलं.

शिबिराच्या समितीपुढे मी हे मांडलं. इंदापुरातलं एखादं वसतिगृह असो की आश्रमशाळा, जिथे अख्खं कुटुंब आवारात राहून काम करतं तिथे बहुतेक नेमणूक एकाची होते आणि राबतं सगळं घर. मग त्या घराची सुट्टीही नेमणुकीच्या कागदावर लिहिलेली असावी आणि बायकोच्या कामाला पगार असावा. पगाराचा विषय पुढच्या बैठकीवर गेलाय, तिथे मी तो पुन्हा काढणार आहे. सुट्टी मात्र मंजूर झाली. यापुढे शिबिरं मंगळवारी सुरू होतील आणि रविवारच्या उपासनेनंतर संपतील.