गहाण पडलेलें आईबापांचें घर

मराठी दैनिकांच्या आंतल्या पानांवर बारीक टाइपांत छापलेल्या 'ताबा सूचना' आमच्या वाचकांपैकीं फार थोडे वाचीत असतील. कर्जदाराचें नांव, सहकर्जदाराचें नांव, सदनिकेचा क्रमांक, इमारत, बाकी रक्कम, आणि शेवटीं तमाम जनतेस इशारा कीं या मिळकतीशीं कोणीं व्यवहार करूं नये. ही सूचना दोन वर्तमानपत्रांत, आणि त्यांपैकीं एका देशी भाषेच्या पत्रांत, छापली पाहिजे असा कायद्याखालील नियम आहे. म्हणूनच ती मराठींत दिसते. तिच्या छपाईचे पैसे वर्तमानपत्रांस मिळतात आणि ते वसुलीचा खर्च म्हणून शेवटीं कर्जदाराच्याच खातीं पडतात, हेंही येथें सांगून टाकलेलें बरें. या सूचनांत पुष्कळदां दोन नांवें जोडीनें येतात, एक बापाचें आणि एक मुलाचें. त्या दोन नांवांच्या मधें काय घडलें असेल, याचा विचार करण्यासाठीं आजचा हा लेख आहे.

गोवंडीचें उदाहरण घ्यावें. रेल्वेच्या एका अंगास देवनारच्या बाजूला नोकरदारांच्या सहकारी सोसायट्या आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्र, चेंबूर-माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, महापालिका, शाळा, इस्पितळें यांत उमेदीचीं वर्षें घालविलेल्या लोकांनीं कर्ज काढून या भागांत घरें घेतलीं. दुसऱ्या अंगास शिवाजीनगर, बैंगनवाडी आणि त्यांच्या भोंवतालची दाट वस्ती. शहराच्या इतर भागांतून उठविलेल्या लोकांस पालिकेनें येथें आंखून दिलेल्या जागांवर गेल्या शतकाच्या आठव्या दशकांत ती वसूं लागली. पहिल्या वर्गापाशीं बँकेस पटेल असा कागद आहे, म्हणून त्यास बँकेचें कर्ज मिळतें आणि बँकेचीच जप्ती येते. दुसऱ्या वर्गापाशीं तसा निर्वेध कागद बहुधा नसतो. त्यास चढ्या व्याजाच्या लहान कंपन्यांकडे, सोनें गहाण ठेवणाराकडे किंवा सरळ सावकाराकडे जावें लागतें. दोहोंकडे म्हातारीं माणसें आहेत आणि दोहोंकडे घर जाण्याची भीति आहे. संरक्षण मात्र एकाच प्रकारचें नाहीं, ही गोष्ट पुढें येईलच.

आईबापांचें घर अडचणींत येतें तें कसें? एक मार्ग सर्वांच्या ओळखीचा आहे. कर्ज घेतलें तेव्हां नोकरी होती; निवृत्ति आली, हप्ता राहिला. त्यांत व्याजाचा दर तरता. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२२ मध्यें चार टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला. पुढें २०२५ मध्यें तो पुन्हा उतरूं लागला हें खरें. परंतु चढत्या काळांत बँकांनीं हप्ता न वाढवितां मुदत लांबविली, आणि साठीला संपावयाचें कर्ज पुष्कळांच्या बाबतींत सत्तरीकडे सरकलें. कर्जदारास न विचारतां असें करूं नये, त्यास हप्ता वाढविण्याचा किंवा मुदत लांबविण्याचा पर्याय द्यावा, असें रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०२३ मध्यें बजावलें. तें आधीं बजाविलें असतें तर अधिक शोभलें असतें.

दुसऱ्या मार्गाविषयीं घरोघर कुजबुज असते, पण उघड बोलणें नसतें. मुलानें धंदा काढला, गाळा घेतला, टेंपो घेतला. बँकेनें तारण मागितलें. बापानें घराचे कागद नेऊन दिले आणि आईनें दाखविलेल्या जागीं सही केली. जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते, हें १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमांत लिहिलें आहे. सही करणाऱ्या माउलीस तें कोणीं वाचून दाखविलें नाहीं. धंदा बसला म्हणजे बँक मुलाच्या रिकाम्या गाळ्याकडे पाहत नाहीं, ती आईच्या स्वयंपाकघराकडे येते. अशा ठिकाणीं मुलांनीं आईबापांस साह्य करावें असें म्हणणें पुरेसें नाहीं. तें साह्य नव्हे, ती परतफेड आहे.

कर्जापायीं घरदार जाऊं नये यासाठीं कायद्यानें मधें पडावें, ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाहीं. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं, आणि त्याचें फळ म्हणून १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या दुःखनिवारणाचा कायदा आला. त्यानें न्यायाधीशास खताच्या मागें जाऊन मूळ देणें किती हें पाहण्याचा, हप्ते बांधून देण्याचा अधिकार दिला. न्यायमूर्ति रानडे यांनीं पुढें याच कायद्याखालीं विशेष न्यायाधीश म्हणून काम केलें. जी जमीन स्पष्टपणें गहाण लिहून दिलेली नाहीं ती रोकड देण्यासाठीं विकतां येणार नाहीं, असेंही त्यांत होतें. आजच्या दिवाणी प्रक्रिया संहितेचें ६० वें कलम त्याच जातीचें आहे: शेतकरी, मजूर किंवा घरगडी स्वतः राहत असलेलें त्याचें घर जप्त होत नाहीं. परंतु दोन्ही ठिकाणीं भोंक एकच. घर एकदां गहाण लिहून दिलें कीं संरक्षण गळून पडतें. आणि आज गहाणाशिवाय घर घेतो कोण?

त्यावर २००२ चा सरफेसी कायदा आला. तीन महिने हप्ता थकला कीं कर्ज अनुत्पादक ठरतें. मग साठ दिवसांची नोटीस. तेवढ्यांत पैसे न भरल्यास बँक दिवाणी न्यायालयाची पायरी न चढतां स्वतःच ताबा घेऊं शकते, आणि लागल्यास दंडाधिकाऱ्याची मदत मागते. पहिल्या लिलावापूर्वीं तीस दिवसांची सूचना. बेरीज केली तर, बँक झपाट्यानें चालली असतां, पहिला हप्ता चुकल्यापासून सुमारें सहा महिन्यांत घर विकलें जाऊं शकतें. दादेस जागा नाहीं असें नाहीं. साठ दिवसांच्या नोटिशीस लेखी हरकत घेतल्यास बँकेनें पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावें लागतें. ताब्याच्या कारवाईविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जातां येतें. तेथें जाण्यापूर्वीं पाऊणशें टक्के रक्कम भरण्याची मूळची अट सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं मार्डिया केमिकल्सच्या खटल्यांत रद्द केली. मुद्दल-व्याजाच्या वीस टक्क्यांहून कमी बाकी राहिली असेल तर हा कायदा लागूच होत नाहीं, ही गोष्ट वीस वर्षें हप्ते भरलेल्या वृद्धांच्या फार उपयोगाची आहे, आणि ती त्यांस क्वचितच माहीत असते. परंतु सर्वांत महत्त्वाचें हें कीं, संपूर्ण देणें देऊन घर सोडविण्याचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होतांच संपतो. २०१६ च्या दुरुस्तीचा हा अर्थ सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं पक्का केला. लिलावाच्या आदल्या दिवशीं मुलगा पैसे घेऊन धांवत येतो, हें नाटकांत शोभतें. कायद्यांत तो उशिरा आलेला असतो.

मुलीमुलांनीं काय करावें? पहिलें, आईबापांचें पाकीट उघडावें. बापास लाज वाटते, तो नोटीस कपाटांत कपड्यांखालीं ठेवतो, आणि साठांपैकीं चाळीस दिवस तेथेंच जातात. दुसरें, बँकेशीं मुदतवाढीची बोलणी करावी. वय झालेल्यास बँक मुदत वाढवून देत नाहीं, पण कमावत्या मुलास सहकर्जदार केल्यास देऊं शकते. समजा वीस लाख बाकी आहे, व्याज नऊ टक्के, मुदत आठ वर्षें. हप्ता सुमारें २९,३०० रुपये येतो. तीच मुदत पंधरा वर्षें केली तर हप्ता सुमारें २०,३०० होतो. महिना नऊ हजारांनीं हलका झाला. मात्र एकूण व्याज आठ लाखांहून अधिक वाढलें. म्हणून ही वाट टिकण्यासाठीं आहे, सुखासाठीं नव्हे. हातीं पैसा येतांच मुद्दल फेडावें. व्यक्तीच्या तरत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेस लावतां येत नाहीं.

तिसरी वाट निसरडी आहे. "घर माझ्या नांवावर करा, हप्ते मी भरतों," असें मुलगा म्हणतो. महाराष्ट्रांत आईबापांनीं मुलास राहतें घर बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क केवळ दोनशें रुपये आहे, इतर आकार निराळे. त्यामुळें ही सही स्वस्तांत होते. गहाण घराच्या बाबतींत ती बँकेच्या संमतीशिवाय करूंच नये. आणि कागदांत "आईबापांचा सांभाळ करीन" ही अट स्पष्ट लिहून घ्यावी. आईबाप व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचें २३ वें कलम अशा अटीचा भंग झाल्यास बक्षीसपत्र रद्द करण्याची मुभा देतें. अट नसेल तर कलम लागत नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं सांगितलें. जानेवारी २०२५ मध्यें त्याच न्यायालयानें कलमाकडे अधिक उदारपणें पाहिलें. न्यायाधीशाच्या उदारतेवर म्हातारपण टांगून ठेवण्यापेक्षां एक ओळ लिहून घेणें बरें. मुलानें रागावण्याचें त्यांत कारण नाहीं.

मुलींविषयीं आम्हांस निराळें बोलावयाचें आहे. आमच्या घरांत वाटणीच्या वेळीं मुलगी परकी ठरते आणि हप्ता थकला म्हणजे तिच्या नवऱ्याच्या पगाराची आठवण होते. २००७ च्या कायद्यानें 'अपत्य' या शब्दांत मुलगा, मुलगी, नातू, नात अशीं सर्व सज्ञान माणसें घातलीं आहेत, आणि 'निर्वाह' या शब्दांत अन्न, वस्त्र, औषधपाणी यांबरोबर निवाराही घातला आहे. कर्तव्य सारखें, तर हक्कही सारखा असला पाहिजे; जी मुलगी हप्त्याचा भार उचलते तिचें नांव कर्जाच्या कागदावर जसें घालतां तसें मालकीच्या कागदावरही घाला. नुसत्या सहकर्जदारास देणें तेवढें मिळतें, घर मिळत नाहीं.

शिवाजीनगरच्या बाजूच्या सावकारी कर्जाचा प्रश्न वेगळ्या कायद्याचा आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वयें परवान्यावांचून सावकारी करणें गुन्हा आहे, आणि सावकारीच्या ओघांत बळकावलेली स्थावर मिळकत परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास आहे. तेथें दामदुपटीचें जुनें तत्त्व अजून जिवंत आहे, मुद्दलाहून अधिक व्याज नाहीं. बँकेपुढें तें तत्त्व मुकें होतें. बँकेचें व्याज जास्त आहे म्हणून हिशेब पुन्हा उकलण्यास न्यायालयास बँकिंग कायद्याच्या २१-अ कलमानें मनाई केली आहे. १८७९ सालीं इंग्रज सरकारनें न्यायाधीशास दिलेली नजर स्वतंत्र हिंदुस्थानानें काढून घ्यावी, हें आम्हांस कोडें वाटतें.

आतां सरकारकडे वळूं. १९३३ सालीं अमेरिकेंत घरें भराभर जाऊं लागलीं तेव्हां रूझवेल्ट यांच्या सरकारनें गृहमालकांसाठीं कर्ज महामंडळ काढलें. सुमारें दहा लाख गहाणें त्यानें विकत घेतलीं, पंधरा वर्षांची मुदत आणि पांच टक्के व्याज असे तीं नव्यानें बांधून दिलीं. त्यांतलीं कांहीं लाख-दोन लाख घरें अखेर गेलींच. बहुतेक वांचलीं, आणि महामंडळ १९५१ सालीं बंद झालें तेव्हां तिजोरीचें नुकसान झालेलें नव्हतें. आमच्याकडे वृद्धांसाठीं उलट गहाणाची योजना २००७-०८ पासून आहे. साठीपुढील माणसानें घर बँकेकडे ठेवून दरमहा रक्कम घ्यावी. ती फारशी रुजली नाहीं, आणि तिची अट अशी कीं घर बोजारहित असावें. ज्याच्या घरावर बोजा आहे त्यालाच मदत हवी, त्याला ती नाहीं.

बँकेचा पैसा हा ठेवीदाराचा पैसा, आणि त्या ठेवीदारांतही वृद्ध आहेत, असें उत्तर येईल. तें खरें आहे. म्हणून कर्ज माफ करा असें आम्ही म्हणत नाहीं. साठ वर्षांवरील माणूस राहत असलेल्या एकुलत्या घराच्या बाबतींत ताब्यापूर्वीं नवी मुदत बांधून पाहण्याची एक सक्तीची बैठक व्हावी, तींत मुलांस बोलवावें, आणि न जमल्यास का जमलें नाहीं तें दंडाधिकाऱ्यापुढें लेखी ठेवावें, एवढी आमची मागणी आहे. नोटीस मराठींत असावी. तिच्या माथ्यावर पंचेचाळीस दिवसांची मुदत, न्यायाधिकरणाचा पत्ता आणि विधि सेवा प्राधिकरणाचा पत्ता ठळक अक्षरांत असावा. कारण १९८७ च्या कायद्यान्वयें कोणत्याही स्त्रीस, तिचें उत्पन्न कांहीं असो, वकील फुकट मिळतो, आणि गोवंडींतल्या ज्या घराच्या कागदावर आईची सही घेतली गेली त्या घराला तो आजही मागतां येतो.