चेहऱ्यावरून देश ठरविणारे

हिंदी चित्रपटसृष्टीचा संसार आज मुंबईच्या पश्चिम उपनगरांत, विशेषतः अंधेरी ते गोरेगाव या पट्ट्यात वसला आहे. वर्सोव्याच्या आरामनगरात पात्रनिवडीची कार्यालये आहेत आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले तरुण-तरुणी तेथे चाचणीसाठी खेटे घालीत असतात. त्यांत मणिपूर, नागालँड, सिक्कीम, अरुणाचल या प्रदेशांतून आलेलेही असतात. त्यांना अभिनय येतो काय, हा प्रश्न बहुधा मागाहून विचारला जातो. त्यांच्या चेहऱ्याला कथेत जागा आहे काय, हे आधी पाहिले जाते. हिंदी चित्रपटाने अशा चेहऱ्याला परंपरेने दोनच जागा राखून ठेवल्या आहेत. एक इमारतीच्या फाटकाशी, गुरख्याची. दुसरी तस्कराच्या टोळीत, चिन्याची. या दोन जागा नाकारून जो कलावंत पन्नास वर्षे पडद्यावर टिकला, त्या डॅनी डेंझोंग्पा यांची कारकीर्द म्हणूनच केवळ एका नटाची कारकीर्द म्हणून पाहता येत नाही.

डॅनी यांचा जन्म २५ फेब्रुवारी १९४८ रोजी सिक्कीममधील युकसोम या गावी झाला. सिक्कीमच्या पहिल्या राजाचा राज्याभिषेक १६४२ साली येथेच झाला होता. त्यांचे मूळ नाव छेरिंग फिंत्सो. डेंझोंग्पा या आडनावाचा अर्थच सिक्कीमचा रहिवासी असा होतो. सैन्यात जावे अशी त्यांची इच्छा होती आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्यांची निवडही झाली होती. पण ती वाट सोडून, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत उभ्या राहिलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते दाखल झाले. सिक्कीम तेव्हा भारताचे घटकराज्यही नव्हते. ते झाले १९७५ साली. सहाध्यायांना छेरिंग हे नाव उच्चारता येईना, तेव्हा जया भादुरी यांनी 'डॅनी' हे सुटसुटीत नाव सुचविले आणि तेच पुढे रूढ झाले. या बारशात स्नेह होता यात शंका नाही. परंतु आपल्याच देशातील सहाध्यायाचे नाव जिभेवर चढत नाही म्हणून त्याने दुसरे नाव घ्यावे, ही गोष्ट कोणाला खटकली नाही, हेही तितकेच खरे.

मुंबईत आल्यावर जे घडले ते डॅनी यांनीच मुलाखतींतून सांगितले आहे. जुहूला राहणाऱ्या एका निर्मात्याकडे ते काम मागावयास गेले असता, त्याने भूमिका देण्याऐवजी आपल्या बंगल्यावर पहारेकऱ्याची नोकरी देऊ केली. डॅनी यांनी त्यावर भाषणे केली नाहीत. पुढे त्यांनी जुहूलाच आपले घर बांधले. पहारेकऱ्याचे काम हलके आहे असे मुळीच नाही. उपनगरांतील हजारो इमारती त्या श्रमांवर निर्धास्त झोपतात. अपमान कामात नव्हता. चेहरा पाहताक्षणी माणसाची योग्यता ठरली, यात तो होता.

त्यानंतरच्या यशाचे टप्पे परिचित आहेत. बी. आर. चोप्रा यांच्या 'धुंद' (१९७३) मध्ये चाकांच्या खुर्चीला खिळलेला, मत्सराने धुमसणारा पती त्यांनी उभा केला आणि प्रेक्षकांनी या नटाची दखल घेतली. ही भूमिका कोणत्याही चेहऱ्याच्या नटाला देता आली असती, हेच तिचे महत्त्व. 'शोले'मधील गब्बरसिंग प्रथम त्यांच्याकडे आला होता. 'धर्मात्मा'च्या अफगाणिस्तानातील चित्रीकरणास वचन दिले असल्यामुळे तो त्यांनी सोडला आणि अमजद खान यांचे भाग्य उजळले. १९८० साली 'फिर वही रात'चे दिग्दर्शन त्यांनी केले. 'सनम बेवफा' आणि 'खुदा गवाह' या चित्रपटांतील पठाणांनी त्यांना फिल्मफेअर पारितोषिके मिळवून दिली. 'घातक'मधील कात्या लोकांच्या स्मरणातून गेलेला नाही. २००३ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मात्र या यादीकडे जरा निरखून पाहिले पाहिजे. सिक्कीमचा हा कलावंत पडद्यावर अफगाण झाला, पठाण झाला, नानाविध खलपुरुष झाला. 'अग्निपथ' (१९९०) मध्ये तर त्याच्या पात्राचे नावच कांचा चीना होते. सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे नाव यावे, ही विलक्षण गोष्ट होय. मध्यमवर्गीय घरातला थोरला भाऊ, प्राध्यापक किंवा न्यायाधीश अशा साध्या भूमिका त्यांच्याकडे अभावानेच आल्या. नायकाच्या भूमिका तर मोजक्याच. चित्रपटसृष्टीने त्यांची गुणवत्ता मान्य केली, परंतु ती परकेपणाच्या वेष्टनात गुंडाळून.

हा दोष केवळ आपलाच नाही. फिलिप आन हा नट १९०५ साली लॉस एंजेलिस येथे कोरियन कुटुंबात जन्मला. त्याचे वडील आन चांग-हो हे जपानी सत्तेविरुद्ध लढणारे कोरियन स्वातंत्र्याचे थोर पुढारी; जपान्यांच्या तुरुंगवासाने खंगून १९३८ साली त्यांचे निधन झाले. पुढे महायुद्ध पेटले आणि हॉलिवुडने या पुत्राला काम दिले ते क्रूर जपानी अधिकाऱ्यांचे! चेहरा पौर्वात्य, मग कोरिया काय आणि जपान काय, असा तो हिशेब होता. त्याच काळात 'द गुड अर्थ' (१९३७) मधील चिनी शेतकरणीची भूमिका मात्र रंग फासून लुईझ रायनर या युरोपीय नटीने केली आणि ऑस्कर मिळविले. कोरियन वंशाच्या अमेरिकन नटाला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या ऑस्करचे नामांकन मिळण्यास २०२१ साल उजाडावे लागले. 'मिनारी'मधील स्टीव्हन यून हा तो नट.

अमेरिकेला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे? मणिपूरच्या मेरी कोम या मुष्टियोद्ध्या स्त्रीवर २०१४ साली चित्रपट निघाला, तेव्हा ती भूमिका प्रियांका चोप्रा यांच्याकडे गेली. मोठ्या नावावाचून पैसा उभा राहत नाही, हा निर्मात्यांचा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. परंतु ईशान्येकडील एकाही कलावंताला मोठे नाव होऊच द्यावयाचे नाही आणि मग मोठे नाव नाही म्हणून काम द्यावयाचे नाही, हा चक्रव्यूह कोणी रचला?

प्रेक्षक असे चेहरे स्वीकारत नाही, ही दुसरी सबब. तिचा निकाल प्रेक्षकांनीच लावला आहे. मणिपुरात २००० सालापासून बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली. ती पोकळी कोरियन चित्रपटांनी आणि मालिकांनी भरून काढली. नंतर त्याच कोरियन मालिका घाटकोपर आणि बोरिवलीच्या घराघरांत पोहोचल्या. तेथील मुली त्यांतील नटांवर जीव टाकतात, कोरियन शब्द हौसेने शिकतात आणि त्यांच्या आया जेवणे आटोपून शेजारी येऊन बसतात. सोलचा नायक ज्यांना आपला वाटतो, त्यांना इंफाळचा वा गंगटोकचा नायक परका वाटेल, हे कोणत्या तर्कशास्त्रात बसते? प्रेक्षक पुढे गेला आहे. भित्रेपणा राहिला आहे तो पैसा गुंतविणाऱ्यांचा आणि पात्रे निवडणाऱ्यांचा.

हा प्रश्न करमणुकीपुरता मर्यादित नाही. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत अरुणाचलच्या एका तरुणाला मारहाण झाली आणि त्याचा मृत्यू ओढवला. त्यानंतर केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली. ईशान्येकडील नागरिकांना वंशावरून हिणविण्याविरुद्ध कायद्यात तरतूद करावी, अशी शिफारस त्या समितीने केली. कायदा हवाच. तथापि, रस्त्यावर 'चिनी' म्हणून हाक मारणारा तोंडाने जे बोलतो, ते त्याने कोठे तरी पाहिलेले आणि ऐकलेले असते. ज्या देशात कोट्यवधी लोक एकमेकांना प्रथम पडद्यावर भेटतात, तेथे पडद्यावर कोण कोणत्या वेषात येतो याला नागरिकशास्त्राच्या पुस्तकाइतकेच महत्त्व असते.

डॅनी डेंझोंग्पा यांच्या यशाकडे बोट दाखवून दार उघडेच आहे असे सांगण्याची सोय काहींना वाटते. एका बलदंड माणसाने दार खांद्याने रेटून उघडले, एवढेच त्या यशावरून सिद्ध होते. त्याच्यामागून येणाऱ्या प्रत्येकाकडे तसेच खांदे असावेत, ही अपेक्षा अन्यायाची आहे. मुलुंडच्या डॉक्टरची किंवा अंधेरीच्या वकिलाची भूमिका एखाद्या नागा वा मणिपुरी कलावंताला मिळावी आणि तो असा का दिसतो याचा खुलासा पटकथेत करावा लागू नये, इतकीच ही मागणी आहे. ती पुरी करण्यास नवे स्टुडिओ नकोत की नवा कायदा नको. आरामनगरातील यादीवर आजवर न लिहिलेले नाव लिहिण्याचे धैर्य तेवढे हवे.