दयाळासाठी एक ढोली

मार्च लागला की भल्या पहाटे समोरच्या इमारतीच्या टाकीवर दयाळ गायला बसतो. काळापांढरा, साळुंकीहून लहान, शेपटी ताठ उभारलेली. थंडीत हा पक्षी फारसा गात नाही, पण उन्हाळ्याची चाहूल लागली की गळा मोकळा सोडतो. लांबलचक शिट्ट्या, मधूनच दुसऱ्या पक्ष्याची नक्कल. ही जागा माझी आहे, असं तो इतर नरांना बजावत असतो आणि मादीला बोलावतही असतो. मादी येतेही. पण आल्यावर ती अंडी घालणार कुठे?

दयाळ सहसा उघड्यावर घरटं बांधत नाही. त्याला झाडाची ढोली हवी, भिंतीतलं भोक हवं, नाहीतर कौलाखालची सांद. ढोली स्वतः कोरता येत नाही, कारण त्याची चोच किडे टिपायची. तांबट आणि सुतार वाळक्या फांद्या कोरून पिल्लं वाढवतात आणि त्यांनी सोडलेल्या जागांवर साळुंकी, राखी वल्गुली, दयाळ असे कितीतरी पक्षी आपला संसार थाटतात. चिमणीलाही अशीच आयती पोकळी लागते.

माझं लहानपण पुण्यात सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं. देवांच्या तसबिरीमागे चिमण्यांचं घरटं असायचं. रोज सकाळी केरात गवताच्या काड्या निघायच्या, आजी कुरकुरायची, पण तसबिरीला हात लावू द्यायची नाही. आता वाडा गेला. त्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत बोट शिरेल एवढी फटसुद्धा नाही. झाडं उरली आहेत, पण त्यांची वाळकी फांदी धोक्याची म्हणून तोडली जाते, आणि पावसाळ्याआधीची ही छाटणी नेमकी एप्रिल-मेमध्ये, म्हणजे पिल्लं ढोलीत असतानाच होते. म्हणून म्हणते, पेट्या लावूया. आणि लावल्या की सांभाळूया.

सांभाळण्यावर माझा एवढा भर का, तर माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली. तेलाच्या रिकाम्या डब्याला भोक पाडून मी तो पश्चिमेच्या भिंतीवर टांगला होता. चिमणीची जोडी आली, पिल्लांची चिवचिव सुरू झाली, मी सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवलं. एप्रिलच्या एका दुपारी आवाज थांबला. डब्याला हात लावला तर चटका बसला. आत चार पिल्लं होती. हे लिहिताना आजही हात थांबतो.

पत्रा नको, पातळ पुठ्ठाही नको. दोन सेंटिमीटर जाडीची साधी फळी घ्या. वखारीत उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात आणि सुतार अर्ध्या तासात पेटी जोडून देतो. चिमणीसाठी भोक ३२ मिलिमीटरचं पुरतं. दयाळाला त्याहून मोठं लागतं. आमच्याकडे तो पाच सेंटिमीटरच्या भोकातून आला, आतली जागा तळाशी वीतभर रुंद होती. भोकाखाली बसायला दांडी लावू नका. पक्ष्याला तिची गरज नसते, कावळ्याला मात्र तिच्यावर बसून चोच आत घालता येते. तळाला चार बारीक छिद्रं, वर हवेला फट, छप्पर पुढे आलेलं. भोकाखालची आतली बाजू खिळ्याने खरवडून ठेवा, म्हणजे पिल्लांना वर चढताना नखं रोवता येतात. आतून रंग अजिबात नको. एक बाजू बिजागरीवर उघडणारी हवीच. तिच्याशिवाय पेटी साफ होणार नाही. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला करा, कारण आपल्याकडे दुपारचं ऊन पश्चिमेचं आणि पाऊस नैर्ऋत्येचा. उंची आठ-दहा फूट, मांजराला उडी मारता येणार नाही अशी.

वीण चालू असताना पेटी उघडायची नाही, मोबाइल आत घालून फोटो काढायचा नाही. मादीला धोका वाटला तर ती अंडी सोडून जाते. पाऊस ओसरला की मात्र पेटी उतरवायची, जुनं घरटं काढायचं, उकळतं पाणी ओतायचं आणि दोन दिवस उन्हात वाळवायची. जुन्या घरट्यात पिसवा आणि गोचिडी राहतात, त्या पुढच्या वर्षीच्या पिल्लांचं रक्त पितात. कीटकनाशक मारायचं नाही. बागेतही नाही, कारण दयाळाची आणि चिमणीची पिल्लं अळ्या-किड्यांवर वाढतात. कुंड्यांखालचा पालापाचोळा थोडा राहू द्या. दयाळ त्यातच उड्या मारत खाणं शोधतो.

नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन पाळला जातो. त्या दिवशी पेट्या वाटल्या जातात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण मार्चमध्ये लावलेल्या पेटीकडे पक्षी त्या हंगामात बऱ्याचदा फिरकत नाहीत. जानेवारीत लावली तर त्यांना तिची सवय व्हायला वेळ मिळतो. एखादं वर्ष रिकामं गेलं म्हणून काढून टाकू नका. आमची पेटी दोन हंगाम रिकामी होती.

तुमच्या सोसायटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. छाटणीवाले आले की खाली जा, फांदीवर ढोली आहे का ते दाखवा, आणि फांदी खरोखर धोक्याची नसेल तर पावसाळा संपेपर्यंत थांबायला सांगा. रंगकाम निघालं तर गवंड्याला भोकं बुजवण्याआधी आत पाहायला लावा. शाळेत शिकवत असाल तर मुलांच्या हातून एक पेटी करून घ्या आणि ती साफ करायची पाळी वर्गात लावून द्या.

गेल्या सप्टेंबरात आमची पेटी उघडली, तेव्हा आत काथ्या, बारीक मुळं आणि माझ्या नातीच्या वेणीतून गळालेले केस एकमेकांत गुंफलेले होते. तिने ते घरटं वर्तमानपत्रावर ठेवून पुन्हा पुन्हा निरखलं. मग आम्ही दोघींनी पाणी उकळायला ठेवलं.