आकडा आमच्यासमोर पडू द्या

प्रति,
मा. अध्यक्ष, अणुऊर्जा नियामक मंडळ, मुंबई
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, अहिल्यानगर



भिंगारमध्ये आमच्या घरी चार गाई आहेत. रोज सकाळी धार काढली की मी डेअरीला दूध घालायला जाते. माझ्या लहानपणी फॅटचं मशीन आतल्या खोलीत असायचं. वडील बाहेर उभे राहायचे आणि आतून चिठ्ठी यायची. कधी ३.५, कधी ३.१. वडिलांना पटायचं नाही, पण बोलणार काय? पुढे गावकऱ्यांनी ओरड केली आणि मशीन बाहेरच्या टेबलावर आलं. फॅट काही फारशी वाढली नाही, पण रोजची भांडणं थांबली.

दुधातल्या किरणोत्साराचं मशीन आजही आतल्या खोलीत आहे, म्हणून हे पत्र.

एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. दोन हजार किलोमीटरांहून लांब असलेल्या आयर्लंडचं २०० टन लोणी मदत म्हणून भारतात आलं. यात किरणोत्सार असेल, हे लोणी बाजारात सोडू नका, असं म्हणत डॉ. शिवराव शांताराम वागळे आणि इतर काही जण आधी मुंबई उच्च न्यायालयात गेले, मग सर्वोच्च न्यायालयात. तिथे तीन तज्ज्ञांची समिती नेमली गेली. तुमच्या मंडळाने ऑगस्ट १९८७ मध्ये ठरवलेल्या मर्यादेत असलेले पदार्थ खायला सुरक्षित आहेत, असं समितीने सांगितलं आणि १९८८ मध्ये याचिका फेटाळली गेली. त्या निकालाविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. समितीचं म्हणणं बरोबरच असेल. पण आपल्या पावाला लावायच्या लोण्यात काय आहे, एवढं विचारायला माणसाला दिल्लीपर्यंत जावं लागलं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

दुधाचीच गोष्ट सारखी काढते, त्याला कारण आहे. अणुभट्टीच्या अपघातानंतर हवेतून आलेलं किरणोत्सारी आयोडीन-१३१ आणि सीझियम-१३७ गवतावर बसतं. गाय दिवसभर चरते आणि एवढ्या मोठ्या रानातल्या गवतावरचं ते तिच्या एका कासेत उतरतं. आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे मोजायला उशीर झाला तर पुरावाच उरत नाही. सीझियमला निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. अणुवीज केंद्राभोवतीचा आपत्कालीन आराखडा मात्र १६ किलोमीटरांच्या परिघाचा असतो. तारापूरच्या केंद्रापासून आम्ही दोनशेहून अधिक किलोमीटरांवर आहोत, म्हणजे कुठल्याच कागदावर नाही.

जपानमध्ये मार्च २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर लोकांनी स्वतः मोजायला घेतलं. सेफकास्ट नावाच्या गटाच्या स्वयंसेवकांनी गाड्यांना मोजणी यंत्रं लावून रस्ते पालथे घातले आणि सगळे आकडे सगळ्यांसाठी खुले ठेवले. इवाकी शहरात आयांनी ताराचिने नावाची प्रयोगशाळा उभारली. त्या बाया काही शास्त्रज्ञ नव्हत्या. मुलांच्या ताटात काय वाढतोय, हे त्यांना कळायला हवं होतं.

आणि अपघात अणुभट्टीतच होतो असंही नाही. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं. ते पोलाद आपल्या खोपोलीत वितळवलेलं होतं. भंगारातून आलेला तो किरणोत्सारी स्रोत इथे कुणाला कळला नाही, तो तिकडे कळला. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगाराच्या दुकानात तर अशाच किरणोत्साराने एका माणसाचा जीव गेला. आमच्या नगरमध्येही भंगाराची दुकानं आहेत, आणि तिथली माणसं उघड्या हातांनी काम करतात.

हातात धरायच्या गायगर यंत्राने दुधातलं थोडंथोडकं सीझियम कळत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी शिशाच्या जाड कवचातलं गॅमा मोजणी यंत्र लागतं, लिटरभर दूध लागतं आणि काही तास थांबावं लागतं. असं एक यंत्र जिल्ह्यात ठेवा. राहुरीच्या कृषी विद्यापीठात ठेवलंत तरी चालेल. महिन्यातले काही दिवस कुणीही आपलं दूध, भाजी, विहिरीचं पाणी घेऊन यावं आणि आकडा पडेपर्यंत तिथे उभं राहावं.

हे आजच हवं, अपघात झाल्यावर नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणात मुळात किरणोत्सार कमी. आपला नेहमीचा आकडा आज नोंदवलेला असेल, तरच उद्या वाढलाय की नाही ते सांगता येईल. दुधात निसर्गतःच किरणोत्सारी पोटॅशियम-४० असतं, लिटरला साधारण ५० बेकरेल. आम्हाला हे आधीच माहीत नसेल, तर संकटाच्या दिवशी कुणीतरी तोच आकडा दाखवून गावभर घबराट पसरवील. लोकांच्या हाती मोजमाप दिलं तर लोक घाबरतील, ही भीती तुमच्या मनात असेल तर ती काढून टाका. माझे वडील चिठ्ठीला घाबरायचे, मशीनला नाही.

यंत्र आलं की फक्त दिवस कळवा. आमच्याकडे साडेपाचला धार होते. पहिली बाटली मी घेऊन येईन.

आपली,
भिंगारमधली एक दूध उत्पादक