एका सहलीची दोन बिऱ्हाडे

बिऱ्हाड हलवणे कुणाला आवडले आहे? बदलीच्या नोकरीत जन्म काढलेल्या एखाद्या गृहस्थाच्या पत्नीला विचारून पाहा. पाट्या-वरवंट्यापासून तुळशीच्या कुंडीपर्यंत सगळे बांधायचे, नव्या गावी उतरवायचे, आणि नेमकी चहाची गाळणी सापडू नये! असे असताना सहा रात्रींच्या सहलीत, पदरचे पैसे मोजून, माणसे आपण होऊन मध्येच बिऱ्हाड हलवतात असे मी सांगितले, तर तुम्ही मला वेड्यात काढाल. पण अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्यात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड नावाची जी मायानगरी आहे, तिथे जाणाऱ्या कुटुंबांत ही रीत चांगली रुळलेली आहे. पहिले काही दिवस एका हॉटेलात काढायचे, उरलेले दुसऱ्या. न्यू जर्सीला आमच्या धाकट्या जावेच्या दिवाणखान्यात गेल्या मे महिन्यात या एका प्रश्नावर चार संध्याकाळी खल झाला, त्यामुळे या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी समजते.

आधी त्या जागेची कल्पना द्यायला हवी. आपल्याकडे बाग म्हटले की फाटक, तिकिटाची खिडकी आणि आत चार पाळणे डोळ्यांपुढे येतात. इथे सुमारे ४० चौरस मैलांचा मुलूख आहे. त्यात चार स्वतंत्र बागा: १९७१ सालचे मॅजिक किंगडम, १९८२ चे एपकॉट, १९८९ चा सिनेमाचा बाग आणि १९९८ चे अ‍ॅनिमल किंगडम. शिवाय दोन डझनांच्या आसपास हॉटेले. गंमत म्हणजे ज्या वॉल्ट डिस्नेने ही जमीन जमवली, त्याने यातले काहीच पाहिले नाही. तो १९६६ च्या डिसेंबरात वारला. थोरला भाऊ रॉय निवृत्तीच्या वयाचा, पण त्याने निवृत्ती बाजूला ठेवली, काम तडीस नेले, नावात धाकट्याचे 'वॉल्ट' आग्रहाने घालून घेतले आणि १९७१ च्या ऑक्टोबरात दारे उघडली. त्याच डिसेंबरात तोही गेला. दारे उघडली तेव्हा मुक्कामाला दोन हॉटेले होती, एक काचा-पोलादाचे, आधुनिक थाटाचे आणि एक दक्षिण समुद्रातल्या बेटांच्या थाटाचे. म्हणजे 'हे की ते' हा वाद पहिल्या दिवसापासूनचाच!

आम्ही एकूण आठ जण. आमचे चौघांचे कुटुंब, भाऊजी, जाऊ, त्यांची सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचे वय शहात्तर, गुडघे त्याहून जुने. अमेरिकेतली त्यांची ही दुसरी खेप, आणि ती बहुधा शेवटची हे सर्वांना ठाऊक होते. म्हणूनच कुणी ते बोलत नव्हते.

मुलांना हवे होते 'पॉप सेंच्युरी'. २००३ साली उघडलेले हे स्वस्तातले हॉटेल. आवारात चार-पाच मजली उंचीचे यो-यो, बोलिंगच्या खेळातल्या सोंगट्या, रूबिकचा ठोकळा. शिवाय २०१९ पासून दारातूनच आकाशपाळणे सुटतात आणि त्यातून एपकॉटला नि सिनेमाच्या बागेला जाता येते. जावेच्या मनात होते 'अ‍ॅनिमल किंगडम लॉज'. हे २००१ सालचे, आफ्रिकेच्या धाटणीचे, आणि भाडे ऐकून घाम फुटेल असे. पण खोलीच्या सज्जाखाली कुरण, आणि कुरणात खरेखुरे जिराफ आणि झेब्रे.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, एकदा बॅगा उघडल्या की उघडल्या. पुन्हा कोण भरत बसणार?"

सासूबाई म्हणाल्या, "मला काय, कुठेही टाका. मी एका कोपऱ्यात बसून राहीन."

ज्या घरात हे वाक्य उच्चारले जाते, त्या घरात त्यानंतरचा खर्च कुणाच्याच हातात राहत नाही.

जावेने कागद-पेन्सिल घेतली. तिथे शुक्रवार-शनिवारच्या रात्री महाग आणि मधल्या वारांच्या त्या मानाने स्वस्त. तेव्हा शुक्रवार ते रविवार स्वस्त हॉटेलात काढायचे आणि सोमवार ते बुधवार महागात. एका खोलीत चारच माणसे, म्हणजे खोल्या दोन. लॉजवर त्यातली एकच खोली कुरणाकडे तोंड असलेली घ्यायची, कारण तशा खोल्यांना जास्त पैसे पडतात. दुसरी कुठेही तोंड करून असेना का! भाऊजींनी शेवटचा बाण सोडला, "जिराफ बघायला तिथे राहायला कशाला हवं? हॉटेलच्या गच्चीवरून कुणालाही दिसतात. एक संध्याकाळ जाऊन येऊ." हे अगदी खरे आहे, आणि ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी तसेच करावे. पण कठड्याशी गर्दीत उभे राहून जिराफ पाहणे वेगळे आणि सकाळी सहाला अंगावर शाल घेऊन स्वतःच्या खुर्चीत बसून पाहणे वेगळे.

पहिल्या बिऱ्हाडात मुलांची चंगळ झाली. तिथल्या खोलीत भिंतीलगतचे टेबल खाली ओढले की त्याचा पलंग होतो. गिरगावच्या चाळीत संसार केलेल्या सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आमच्यासारखंच की! दिवसा बैठक, रात्री बिछाने." मॅजिक किंगडमला त्या चाकांच्या खुर्चीतून आल्या, राजवाडा पाहिला, मिरवणूक पाहिली, खूश होत्या. रात्री मात्र गुडघे सुजले. पुढचे दोन दिवस त्या खोलीवरच राहिल्या, आणि आम्ही पाळी लावून एकेक जण त्यांच्यापाशी. हॉटेलचा यात काही दोष नव्हता. ते हुंदडणाऱ्या माणसांसाठी बांधलेले आहे. पण आपल्यापायी रोज एकाची सहल बुडते, हे त्यांना सुजेपेक्षा जास्त दुखत होते. रविवारी संध्याकाळी परत येऊन पाहते तो आठही जणांचे कपडे घडी करून रचलेले. हॉटेलचे टॉवेलसुद्धा! जन्मभर काम केलेल्या बाईला सहलीच्या जागी काम नाही, आणि खेळायला पाय नाहीत. मग तिने करायचे काय?

सोमवारी हलवाहलव. व्यवस्था मोठी सोयीची आहे. डिस्नेच्याच दोन हॉटेलांत मुक्काम असेल तर सकाळी बॅगा हमालांच्या कचेरीत द्यायच्या आणि आपण बागेत फिरायला जायचे. दुपारपर्यंत बॅगा दुसऱ्या हॉटेलात पोचवतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. अडचण आहे ती वेळेची. पहिली खोली अकराला सोडायची, दुसरी मिळणार तीनच्या सुमारास. मधले चार तास माणूस त्रिशंकू. तरण्याताठ्यांचे त्यात काही बिघडत नाही, पण दुपारी अंग टाकायची सवय असलेल्या म्हातारीने कुठे टेकायचे? बिऱ्हाड हलवण्याची खरी किंमत वडीलधाऱ्यांना मोजावी लागते, हे हिशेबाच्या कागदावर येत नाही. सासूबाईंनी तीन दिवसांत टेबलाच्या कोपऱ्यावर आपले देव मांडले होते. ते डबीत ठेवताना त्यांचा चेहरा उतरला. औषधे, एक लुगडे आणि देवांची डबी एवढे आम्ही बॅगांबरोबर न धाडता हातात ठेवले, आणि बाग रद्द करून तडक नव्या मुक्कामी गेलो. तिथे त्याच आवारात 'सना' नावाची खानावळ आहे. भारतीय धर्तीच्या रोट्या आणि त्यांच्याबरोबर नऊ तऱ्हांच्या चटण्या-कोशिंबिरी मिळतात, आणि मोठ्या खिडक्यांतून कुरण दिसते. बसलो तासन् तास. सासूबाईंनी नऊही चाखून पाहिल्या आणि म्हणाल्या, "मीठ बेताचं आहे हो." ही त्यांच्या शब्दकोशातली उच्च पदवी.

मंगळवारी पहाटे मला जाग आली तेव्हा त्या सज्जात होत्या. खाली लांब शिंगांची आफ्रिकन गुरे, पलीकडे झेब्रे, आणि अगदी जवळ एक जिराफ. हलक्या आवाजात म्हणाल्या, "अगं, त्याला खाली वाकायचं तर आधी पुढचे पाय फाकवावे लागतात. माझ्यासारखंच!"

तोवर रोज संध्याकाळी मुले येऊन आजीला सांगत, आम्ही हे पाहिले, आम्ही ते पाहिले, आणि ती ऐके. त्या दिवशी आजीपाशीही सांगायला काही होते. कोण कुठून आला, कोणी कोणाला ढुशी दिली, कोण एकटा राहिला. दुसऱ्या दिवशी मुले दुपारीच बागेतून परतली, कारण 'आजीच्या लांबशिंग्याचं पुढे काय झालं' हे कळायला हवे होते. एकच खोली कुरणाकडची असल्याने आठही माणसे त्या एवढ्याशा सज्जात. पाळी लावावी लागलीच, पण आता ती आजीपाशी राहायला मिळावे म्हणून.

तेव्हा कुणी सल्ला विचारला तर मी सांगेन की चार-पाच रात्रींहून कमी मुक्काम असेल तर बिऱ्हाड हलवू नका. कडेवरचे मूल असेल तरी नको. आणि दोन्ही हॉटेले एकाच तऱ्हेची असतील तर हा नुसता हमालीचा शौक. पण घरातल्या दोन पिढ्यांच्या सहली मुळातच दोन असतील तर दोन छपरे घ्या, आणि म्हातारपणाचे छप्पर दुसरे ठेवा. धावपळीनंतर ते बरे वाटते.

गुरुवारी विमान संध्याकाळचे होते. सकाळसाठी सर्वांची बागेची तिकिटे आधीच काढलेली. आम्ही मुलांना घेऊन गेलो. भाऊजी गेले नाहीत. साडेदहाला बॅगा घ्यायला मी वर आले, तर आई आणि मुलगा सज्जात शेजारी शेजारी बसलेले, दोन कप रिकामे, बोलणे काही नाही. एरवी दर वस्तूची डॉलरमधली किंमत आणि तिचे रुपये तोंडपाठ सांगणारे आमचे भाऊजी. त्या दिवशीचे त्यांचे तिकीट कितीला पडले, ते अजून त्यांच्या तोंडून मी ऐकलेले नाही.